दोन मिलिमीटरचा पंप

"अरे, या नळ्यांना खालून बूड आहे. मग आत गेलेलं पाणी परत वर येणार कसं? तिथेच शिळं नाही का होणार?"

इंदूरच्या राजेंद्रनगरात माझी मावशी राहते. गेल्या नोव्हेंबरात तिने गच्चीवर सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा बंब, बसवायला घेतलं आणि खोक्यातून निघालेली पहिली काचेची नळी हातात घेऊन हा प्रश्न विचारला. बसवायला आलेल्या दोघांपैकी एक म्हणाला, "आंटी, गरम पानी ऊपर जाता है ना." मावशीचं समाधान झालं नाही. माझंही नाही. शाळेत आपण सगळ्यांनी हेच वाक्य पाठ केलं, पण ते अर्धंच आहे. गरम पाण्याला वर जायची काही आपसूक ओढ नसते. शेजारचं गार पाणी जड असतं, ते खाली बसतं आणि बसताना हलक्या पाण्याला वर ढकलतं. हे सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. अंतराळयानात, जिथे वजनच जाणवत नाही तिथे, गरम पाणी वर जात नाही, कारण तिथे 'वर' असं काही उरतच नाही. तिथे मेणबत्तीची ज्योतसुद्धा लांबट न होता गोल होते.

आता नळीकडे येऊ. खरं तर त्या एकात एक घातलेल्या दोन नळ्या असतात. बाहेरची ५८ मिलिमीटर व्यासाची, आतली ४७ची, लांबी १.८ मीटर. दोघींमधली हवा काढून टाकलेली असते, म्हणजे हा लांबट थर्मासच. आतल्या नळीच्या बाहेरच्या अंगावर काळपट निळा लेप असतो, ऊन तो शोषतो. नळीचं वरचं तोंड टाकीत उघडतं आणि बूड बंद. नळ्या स्टँडवर तिरप्या असतात, मावशीकडे साधारण ३५ अंशांत.

ऊन पडतं ते मुख्यतः नळीच्या वरच्या अंगावर. त्या अंगाला चिकटून असलेलं पाणी आधी तापतं, हलकं होतं आणि वरच्या काचेलगत सरपटत टाकीकडे निघतं. त्याची जागा घ्यायला टाकीच्या तळचं गार पाणी खालच्या काचेलगत घसरत उतरतं. एकाच नळीत एकमेकांच्या उरावर दोन विरुद्ध प्रवाह, मध्ये पडदा नाही, झडप नाही. दिंडी दरवाजातून माणसं आत-बाहेर करतात आणि न सांगता आपापली बाजू धरतात, तसं.

हा ओढा किती जोराचा असेल? गणित सोपं आहे, करून पाहू. नळी १.८ मीटर लांब आणि ३५ अंश तिरपी, म्हणजे उभी उंची सुमारे एक मीटर. समजा उतरणारं पाणी ५० अंशांचं आहे आणि चढणारं ५५चं. ५० अंशांना एक घनमीटर पाण्याचं वजन ९८८.० किलो, ५५ला ९८५.७. फरक २.३ किलो. एक मीटर उंचीच्या स्तंभात हा फरक म्हणजे पाण्याच्या २.३ मिलिमीटर उंचीइतका दाब. ताटात सांडलेल्या आमटीच्या थराएवढा! या दाबावर दीडशे लिटर पाणी दिवसभर फिरत राहतं. ना वीज, ना मोटार, ना बेअरिंगची कुरकुर.

मला यातलं सर्वात आवडतं ते पुढचं. पाण्याची घनता तापमानाबरोबर सारख्या वेगाने कमी होत नाही. ४ अंशांना ती सर्वाधिक, तिथून घसरण आधी अगदी मंद आणि मग जोरात. तेच पाच अंशांचं अंतर १० आणि १५च्या मध्ये घेतलं तर घनमीटरमागे फरक पडतो फक्त ०.६ किलोचा. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी आपला पंप जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पाणी पन्नाशीला पोचेपर्यंत चौपट दमदार होतो. शिवाय पाण्याचा चिकटपणा १० अंशांना असतो त्याच्या निम्म्याहून कमी ५० अंशांना उरतो, म्हणजे अडथळाही घटतो. हे यंत्र जितकं चालतं तितकं चांगलं चालतं. ढग आला की मंदावतं, सूर्य मावळला की थांबतं. रात्री ते उलटं का फिरत नाही? टाकी वर आणि नळ्या खाली आहेत म्हणून. नळीतलं पाणी गार झालं तर ते जड होऊन खालीच बसून राहतं, वरच्या गरम पाण्याला हात लावत नाही. टाकी खाली आणि नळ्या वर ठेवल्या असत्या, तर रात्रभर घरचं गरम पाणी आकाशाला वाटण्याचा उद्योग झाला असता.

या युक्तीवर १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली या गृहस्थाने आपला 'डे अँड नाइट' हीटर काढला. सपाट पेटी खाली, वेष्टण घातलेली टाकी वर. त्याआधीचे सौर बंब म्हणजे उन्हात ठेवलेल्या काळ्या टाक्याच होत्या. संध्याकाळी पाणी कढत, सकाळी गार. टाकी वेगळी काढून तिला गोधडी पांघरली, इथे खरी अक्कल होती.

तर गणित पुरे, गच्चीवर जाऊ.

पहिला वाद दिशेवरून. सोलरचं तोंड दक्षिणेकडे हवं म्हटल्यावर काका अडले. दक्षिण यमाची दिशा, तिकडे तोंड करून आपण जेवायलाही बसत नाही, आणि त्या पाण्याने रोज अंघोळ? एका वास्तुवाल्याने त्यांना आग्नेय सुचवली होती, अग्नीचा कोपरा म्हणून. आता गंमत अशी की आग्नेयेकडे थोडं वळवल्याने फार नुकसान होत नाही, नळ्या गोल असल्याने त्या दिशेबाबत जरा सोशिक असतात. पण सल्ला पचला म्हणून त्यामागचं कारण खरं ठरत नाही. सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडून जातो, कारण पृथ्वीचा आस कललेला आहे. यमाचा यात संबंध नाही. मी काकांना एवढंच म्हटलं, "तोंड सोलरचं दक्षिणेला आहे, तुमचं नाही." ते हसले, आणि स्टँड दक्षिणेला वळला.

इंदूर २२.७ उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य इथे क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर असतो, म्हणजे त्या वेळी सावली जवळपास वस्तूच्या उंचीएवढीच पडते. सकाळी साडेनवाच्या सुमारास मात्र उंचीच्या दुप्पट. कठडा एक मीटरचा असेल तर सोलर त्याच्यापासून किती लांब हवं, हे यावरून कुणीही सांगेल. नेमकी दक्षिण हवी असेल तर गच्चीत काठी उभी करा, तिची सर्वात आखूड सावली उत्तरेकडे बोट दाखवते. ती वेळ बाराची नव्हे. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि इंदूर जवळपास ७६वर, म्हणून इथली खरी माध्यान्ह साडेबाराच्या आगेमागे होते.

३५ अंशांचा कल हिवाळ्याच्या बाजूने झुकलेला आहे. डिसेंबरच्या माध्यान्हीला ऊन नळ्यांवर जवळजवळ काटकोनात पडतं. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा अठरा टक्के ऊन वाया जातं. पण जूनमध्ये कढत पाणी हवंय कुणाला?

दुसरा वाद वेळेवरून, आणि हा गंभीर होता. माणसं येईपर्यंत साडेअकरा वाजले. नळ्या खोक्यातून काढून उन्हात मांडून ठेवल्या होत्या. तोंडाला साबणाचं पाणी लावून, पिळत पिळत त्यांनी एकेक नळी टाकीच्या रबरी कडीत बसवली. पंधरा नळ्या, वीस मिनिटांत. हात सफाईचा होता, कबूल. मग त्यातला एक व्हॉल्वकडे गेला, "भिया, पानी भर के देख लेते हैं." मी अक्षरशः आडवा पडलो.

रिकाम्या नळीत उष्णता घेऊन जायला पाणी नसतं. आतली काच भर उन्हात २०० अंशांच्या पुढे जाऊ शकते. तिच्यावर वीस अंशांचं पाणी पडलं की आतला थर तिथल्या तिथे आकसतो, बाहेरचा तापलेलाच राहतो, आणि आकसणारा थर ताणला जातो. दाबाला काच चांगली टिकते, ताणाला मात्र कच्ची. या नळ्या बोरोसिलिकेट काचेच्या असतात, तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकीच प्रसरण पावते म्हणून बरंच सोसते. पण बरंच म्हणजे सगळं नव्हे. शिवाय नळी नाही फुटली तरी वाफेचा फवारा तोंडावर येतो. म्हणून भरायचं पहाटे, किंवा सूर्य मावळल्यावर तासाभराने. आम्ही नळ्यांवर जुनी चादर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाणी सोडलं.

त्या मधल्या वेळेत नळ्यांची बुडं तपासली. तिथे आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो बेरियम या धातूचा. निर्वात पोकळीत चुकून राहिलेले वायू तो खाऊन टाकतो. पोकळीत हवा शिरली तर बेरियम तिच्याशी संयोग पावतो आणि चंदेरी डाग पांढरा भुकटीसारखा होतो. आमच्या पंधरांत एक पांढरी निघाली. बसवणारा म्हणाला, चालते. चालते म्हणजे पाणी गळत नाही एवढंच, थर्मास म्हणून ती मेलेली होती. बदलून घेतली. हे तपासायला कुठलंही उपकरण लागत नाही, वाकून बघावं लागतं.

याच पोकळीमुळे 'थंडीत सोलर चालत नाही' हा समज खोटा पडतो. उष्णता वाहून जायला मधे हवा नाही. उरतं प्रारण, म्हणजे तापलेल्या वस्तूने न दिसणारे किरण फेकणं. त्यावर तो निळा लेप आहे. सूर्य सुमारे ५८०० केल्विनचा (केल्विन म्हणजे सेल्सियस अधिक २७३), त्याचा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्या तरंगलांबीच्या, आसपास सर्वात तीव्र. नळी ३५० केल्विनची, तिचे किरण आठेक मायक्रॉनचे. तरंगलांबी सोळा-सतरा पटींनी वेगळी, म्हणून आखूड लांबीला काळा आणि दीर्घ लांबीला आरसा, असा दुतोंडी लेप बनवता येतो. इस्राएलचे शास्त्रज्ञ हॅरी टेबर यांनी १९५०च्या दशकात हे दाखवून दिलं. भर दुपारी नळीवर हात ठेवून बघा. आत पाणी पन्नास अंशांचं आणि बाहेरची काच गारच. इंदुरात सोलर खरं रुसतं ते जानेवारीत नाही, जुलै-ऑगस्टच्या झाकोळात.

पाणी भरलं, गळती नाही, सगळे खूश. त्या रात्री काका बाराला उठले, गच्चीवरून धार पडत होती. पहिला संशय नळ्यांवर. पण नळ्या कोरड्या. पाणी येत होतं सोलरच्या टाकीवर उभ्या केलेल्या हवेच्या नळीतून. ज्या कंपनीने बसवलं तिच्या माणसांनी ती नळी हातभर ठेवून दिली होती, आणि घराची गार पाण्याची टाकी काठोकाठ भरली की तिची पातळी त्याहून वर जात होती. पाणी आपली पातळी शोधतं, हे शाळेतलंच. नळी तीन फूट वाढवली आणि धार थांबली. मुद्दाम थोडी जास्तच वाढवली. हवेच्या नळीत गरम, हलकं पाणी चढतं तेव्हा ते गार पाण्याच्या पातळीपेक्षा जरा उंच उभं राहतं. दोन मीटरच्या स्तंभात, ६० आणि २० अंशांना, तीन सेंटिमीटर. पुन्हा तोच पंप, फक्त इथे डोळ्यांना दिसतो.

ही नळी 'वाफ वाया जाते' म्हणून काही लोक बुचाने बंद करतात. कृपा करून करू नका. वरचं पाणी संपलं आणि खाली कुणी नळ सोडला, तर टाकीत निर्वात होतो. मग बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोपर्यंतच्या भाराने टाकी चेपू शकते. पत्रा तेवढा जाड नसतो.

पाणी भरलं त्या दिवशी कुणालाही गरम नळ सोडू दिला नव्हता. सकाळी टाकीत १९ अंश, संध्याकाळी पाचला ५०. दीडशे लिटर, ३१ अंश, म्हणजे साडेपाच युनिटच्या आसपास वीज. दोन किलोवॅटचा गीझर पावणेतीन तास चालवल्यासारखं.

मावशीला टाकीचं गणित मात्र मी न सांगताच कळलं. आजोळी तांब्याचा बंब होता, त्यात वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम बाहेर यायचं. "म्हणजे हाही तसाच," ती म्हणाली, "गार घातल्याशिवाय गरम देत नाही." अगदी तसाच. गार पाणी तळाशी शिरतं आणि हलकं गरम पाणी वरच्या तोंडाने बाहेर ढकललं जातं. दोघं पटकन मिसळत नाहीत, म्हणून शेवटच्या बादलीपर्यंत कढत मिळतं.

एक तक्रार राहिली. नळ सोडल्यावर आधी गारच पाणी येतं. गच्चीपासून मोरीपर्यंत बारा मीटर पाइप, आतला व्यास १८ मिलिमीटर, म्हणजे पोटात तीन लिटर पाणी रात्रभर गार होत पडलेलं. पाइपला फोमचं वेष्टण घातलं तर ते संध्याकाळपर्यंत कोमट राहील, पहाटेपर्यंत नाही. मावशी ते बादलीत धरते. तांब्याभर तुळशीला, बाकीचं पोछ्याला.