सोनोग्राफी खाटेपाशी येते तेव्हा

हर्णै किंवा मालवणच्या बंदरात ट्रॉलरच्या केबिनमध्ये फिश फाइंडरचा पडदा लुकलुकत असतो. बोटीखालून ध्वनिलहर पाण्यात जाते, थव्यावर आपटून परत येते आणि जाळं कुठे टाकायचं ते तांडेलाला कळतं. जिल्हा रुग्णालयातली सोनोग्राफीही याच तत्त्वावर चालते. दोघांचं मूळ एकच: पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी केलेले प्रयोग.

वैद्यकात हे तंत्र आलं तेही समुद्राच्या वाटेनेच. स्वीडनमध्ये १९५३ साली एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाची हालचाल टिपली; त्याची पहिली चाचणी झाली ती माल्मोच्या जहाजगोदीतून उसन्या आणलेल्या, धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रावर. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांचा पोटातल्या गाठींवरचा लेख १९५८ सालचा. त्यानंतर बराच काळ सोनोग्राफी म्हणजे रेडिऑलॉजिस्टची अंधारी खोली आणि गरोदर बाईची तारीख, असंच समीकरण राहिलं.

अपघात विभागाची निकड वेगळी होती. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. माडावरून माणूस पडतो. अंगावर ओरखडाही नसतो, पण आत प्लीहा फुटलेली असते. तासाभरात नाडी जलद होते, बीपी उतरतं. १९६५ पासून अशा वेळी पोटाला छेद देऊन नळी घालत, लिटरभर सलाइन आत सोडत आणि परत आलेल्या पाण्यात रक्त दिसतं का ते बघत. जर्मनीतल्या शल्यचिकित्सकांनी या कामी सोनोग्राफी वापरायला सुरुवात केली. १९९० च्या दशकात अमेरिकेत त्या तपासणीला ‘फास्ट’ हे नाव मिळालं. यकृताजवळ, प्लीहेजवळ, ओटीपोटात आणि हृदयाभोवती अशा चार जागी प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, टेकवायचा. साचलेलं रक्त पडद्यावर काळं दिसतं. काम दोन-चार मिनिटांचं. आतड्याची इजा किंवा थोडासा रक्तस्राव यात निसटू शकतो, म्हणून ‘काही दिसलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा कधीच घ्यायचा नसतो. पण बीपी उतरलेल्या पेशंटच्या पोटात रक्त दिसलं, तर त्याला आधी ऑपरेशन थिएटरकडे न्यायचं हे ठरतं.

कोकणात या दोन-चार मिनिटांचं मोल जास्त आहे. मोठ्या उपचारांसाठी सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठायचं, रत्नागिरीतून आंबा घाट चढून कोल्हापूर. कुणाला आधी हलवायचं, कुणाला इथेच थिएटरमध्ये घ्यायचं, हे घाटाच्या अलीकडेच ठरायला हवं.

फुप्फुसं हवेने भरलेली, म्हणून तिथे सोनोग्राफीचा उपयोग नाही, असं पूर्वी शिकवलं जाई. फ्रान्सच्या डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी ते खोटं ठरवलं. धाप लागलेल्या पेशंटची फुप्फुसं खाटेपाशीच तपासण्याची त्यांची ‘ब्लू’ पद्धत २००८ ची. फुप्फुसात पाणी झालं की पडद्यावर वरून खाली उभ्या, चमकदार रेषा उतरतात. इथे मला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांची आठवण होते. लाल विंचवाच्या दंशाने हृदय दुबळं पडून फुप्फुसात पाणी होतं. अशा पेशंटना त्यांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देऊन वाचवलं, ते मुख्यतः हाताने, डोळ्यांनी आणि स्टेथोस्कोपने निदान करून. आज तेच दुबळं हृदय आणि तेच पाणी खाटेपाशी प्रोबने बघता येतं.

मग ही यंत्रं खाटेपाशी यायला आपल्याकडे वेळ का लागला? पैसा आणि प्रशिक्षण ही कारणं आहेतच. इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली तीच २००९ मध्ये. पण आपल्या राज्यात सोनोग्राफीच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. म्हणून मशीनची नोंदणी आली, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म आला, आणि २०१२ पासून पोर्टेबल मशीन फक्त नोंदणी झालेल्या जागेत, तिथे दाखल असलेल्या पेशंटसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरण्याचं बंधन आलं. हे कुलूप हवंच होतं, आणि ते काढावं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण मुली वाचवण्यासाठी लावलेल्या कुलपापायी माडावरून पडलेला माणूस रात्री दोन वाजता तपासणीवाचून राहू नये. त्यासाठी अपघात विभागातच नोंदणीकृत मशीन हवं, आणि ते चालवण्याचा अधिकार व सराव असलेला डॉक्टर रात्रपाळीलाही हवा.