महिला भजनी मंडळ

महिला भजनी मंडळ : गावातील, वाडीतील किंवा शहरातल्या एखाद्या सोसायटीतील स्त्रियांनी अभंग, गौळणी व आरत्या एकत्र गाण्यासाठी चालवलेला गट. सभासद साधारण दहा ते पंचवीस. जागा बहुधा देवळाचा सभामंडप, नाहीतर कुणाचा तरी ऐसपैस सोपा. वेळ दुपारची, भांडी आवरून झाल्यानंतरची. नोंदणी, घटना, कार्यकारिणी असले प्रकार क्वचितच आढळतात. एक पेटी, टाळांच्या जोड्या, दोन सतरंज्या आणि प्रत्येकीची हाताने लिहिलेली भजनाची वही एवढीच मंडळाची मालमत्ता.

वारकरी परंपरेत मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे अभंग शतकानुशतके गायले जात आहेत. पण ते गाताना वीणा आणि पखवाज पुरुषांच्या गळ्यात. बाया मागे टाळ्या धरायला किंवा वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घ्यायला. स्त्रियांची स्वतंत्र मंडळे त्या मानाने अलीकडची. ती निघण्यामागे भक्तीइतकेच पट्टीचेही, म्हणजे गाण्यासाठी धरलेल्या मूळ सुराचेही, कारण आहे. पुरुष बहुधा पेटीच्या काळी एक या पट्टीच्या आसपास गातात. त्या पट्टीत बायकांचा आवाज एकतर खाली दबतो, नाहीतर टिपेला जाऊन फाटतो. स्वतःचे मंडळ झाले की पेटी काळी चारवर लागते आणि गळा मोकळा होतो.

बैठक गजराने सुरू होते. मग रूपाचा अभंग, त्यानंतर ज्या दिवसाचा जो विषय असेल ते अभंग, गौळण, शेवटी भैरवी आणि पसायदान. पखवाज हा बरीच वर्षे अडलेला भाग होता. डाव्या पुडीला लावायची कणीक मळून द्यायची बाईने, वाजवायला मात्र शेजारच्या गावातला बुवा बोलवायचा आणि त्याच्या सवडीप्रमाणे तारीख धरायची. आता बऱ्याच मंडळांत मुली आणि सुना पखवाज, तबला शिकून बसतात. कणीक जास्त झाली की धुम, म्हणजे डाव्या पुडीचा नाद, बसका येतो, कमी झाली की टणत्कार येतो. पोळीची कणीक रोज मळणाऱ्या हाताला हा अंदाज लवकर साधतो.

या मंडळांचे वेगळेपण कळते ते हळदीकुंकवाशी तुलना केल्यावर. हळदीकुंकवाला सवाष्णींना बोलावणे असते, विधवा घरात राहते. भजनाला असा भेद नाही. कपाळाला बुक्का लागतो तो सगळ्यांच्या सारखाच. त्यामुळे नवरा गेल्यावर वर्षभर उंबरा न ओलांडलेली बाई पुन्हा चारचौघींत येते ती बहुधा भजनाच्या सतरंजीवर, आणि कित्येक मंडळांत पुढे तीच वही घेऊन सांगायला बसते. मंडळाचे समाजकार्य म्हणून जे काही मोजायचे, त्यात हे पहिले धरावे, जरी कुठल्याही अहवालात ते लिहिले जात नसले तरी.

बाहेरच्या कामांपैकी सर्वांत जुने काम दुखवट्याच्या घरी जाण्याचे. दिवस होईपर्यंत संध्याकाळी तासभर हरिपाठ म्हणायचा. त्याचे मानधन घ्यायचे नाही. पुष्कळ ठिकाणी चहासुद्धा घेत नाहीत. वास्तुशांत, बारसे, सत्यनारायण अशा आनंदाच्या कार्यक्रमांना मात्र यजमान पाकीट व नारळ देतात. हे पैसे सामाईक डब्यात पडतात. त्यातून आधी टाळांच्या दोऱ्या आणि पेटीचा भाता, मग देवळाची फरशी, शाळेतल्या मुलांच्या वह्या, एखाद्या सभासदाच्या घरचे दवाखान्याचे बिल, वारीला निघालेल्या दिंडीच्या एका पंगतीचा शिधा. वृद्धाश्रमात जाऊन गाणे ही शहरी मंडळांची ठरलेली रीत. तिथे नवीन चालीपेक्षा जुन्याच चाली लावाव्या लागतात, कारण ऐकणाऱ्यांना सोबत म्हणायचे असते.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवरच्या भजनातून ग्रामसुधारणा मांडली. भजन हे लोकांना एकत्र बसवण्याचे साधन आहे, ही जाण त्यामुळे विदर्भात तरी फार आधी रुजली. राज्य शासनाने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केल्यावर तपासणी पथकाच्या स्वागताला, सकाळच्या दिंडीला आणि झाडू घेऊन पुढे निघायलाही महिला मंडळेच हुकमी ठरली. यात हौस होती तशी गावपुढाऱ्यांची सोयही होती, हे नाकारता येत नाही.

दारूबंदीच्या वेळी चित्र बदलते. तिथे मंडळ कुणाच्या बोलावण्याची वाट पाहत नाही. दुकानासमोर सतरंजी टाकून टाळ वाजवत बसणे हा महाराष्ट्रात ओळखीचा मार्ग झाला आहे. घोषणा देणाऱ्या जमावाला हटवणे सोपे, अभंग म्हणणाऱ्या साठीच्या बायांना उठवणे पोलिसांना अवघड. राज्यात आडवी बाटली (दुकान बंद)–उभी बाटली (दुकान चालू) असे मतदान घेण्याची तरतूद आहे. त्यात मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. शेतावर, माहेरी, बाजाराला गेलेल्या प्रत्येकीला त्या दिवशी केंद्रावर आणायचे, तर घरोघर ओळख हवी. ती मंडळाकडे आयती असते.

स्पर्धांनी मंडळांना मंच दिला. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ महिलांसाठी भजनस्पर्धा घेते. गोव्यात कला अकादमीच्या पं. मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजनस्पर्धेत महिलांचा वेगळा विभाग असून तेथील गावोगावची पथके वर्षभर त्याचीच तालीम करतात. स्पर्धेमुळे ताल, उच्चार आणि पेहराव नेटका झाला. त्याबरोबर एक तक्रारही ऐकू येते : वेळेचे बंधन आणि परीक्षकांचे गुण आले, की जिचा सूर जरा हलतो अशा म्हातारीला मागच्या रांगेत सरकवले जाते. काही मंडळे यावर तोड म्हणून स्पर्धेचा संच वेगळा ठेवतात आणि एकादशीची बैठक पूर्वीसारखीच सगळ्यांना खुली ठेवतात.