आदिवासी विद्यार्थी साहाय्य (खानदेश)

खानदेशातील महाविद्यालयांत आणि विद्यापीठात शिकणाऱ्या अनुसूचित जमातींच्या मुलामुलींना प्रवेशाच्या अर्जापासून पदवी हाती पडेपर्यंत सांभाळून नेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काम. या कामाला स्वतंत्र पदनाम नाही. वसतिगृहाचे गृहपाल, शिष्यवृत्तीच्या टेबलावरचा लिपिक, विद्यार्थी विकास अधिकारी, एखादा जुना शिपाई आणि गावाकडचे दोन वर्षे पुढे असलेले दादा-ताई यांच्यात ते वाटले गेले आहे. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळे कक्ष असतात, शिकवणीची सोय असते आणि 2017 पासून त्यासाठीचा निधी तेथील केंद्र सरकारच्या एका कार्यक्रमातून मिळतो. खानदेशात हीच गरज बहुतेक वेळा कोणाच्या तरी नेमणुकीत न लिहिलेल्या तासांतून भागते.

जळगाव, धुळे आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे या कामाचा प्रदेश. 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबारमध्ये सुमारे 69, धुळ्यात सुमारे 32 आणि जळगावात सुमारे 14 टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, धानका आणि यावल-रावेर-चोपड्याकडचे तडवी भिल्ल हे यांतले प्रमुख समाज. तिन्ही जिल्ह्यांसाठी जळगावला 15 ऑगस्ट 1990 रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमीही आहे. तरी सातपुड्यातल्या मोलगी किंवा धडगावच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे आधी घाट उतरणे, मग एसटी, मग सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी. एका सहीसाठी घातलेला हा हेलपाटा दोन दिवस खातो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ही मुले अभ्यासाला कमी पडतात. टेबलामागे बसणारी माणसे वेगळे सांगतील. मुले गळतात ती बहुधा वर्गाबाहेर, एखाद्या कागदापाशी आणि एखाद्या तारखेपाशी. त्यामुळे चांगल्या साहाय्यकाचे खरे कसब म्हणजे कागद ओळखणे आणि तारीख आधीच कानावर घालणे.

सर्वांत अवघड कागद जात वैधता प्रमाणपत्राचा. जातीच्या दाखल्यांच्या पडताळणीचा राज्याचा 2000 चा कायदा 18 ऑक्टोबर 2001 पासून लागू आहे; त्याआधी माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये पडताळणीची पद्धत आखून दिली होती. अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा वजनदार मानतात. आता ज्या घरात बापही शाळेत गेला नाही, त्या घरात आजोबांचा शाळेचा दाखला कुठून येणार? मग कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची, जुना सातबारा काढायचा, रक्तनात्यात कोणाला वैधता मिळाली आहे का ते विचारायचे आणि वंशावळ लिहायची. हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. टेबलावर कोरा कागद ठेवून लिपिक विचारतो, 'आजोबांचे भाऊ किती?' मुलगा बोटांवर मोजतो, मग गावी फोन लावतो. पलीकडून आजी पावरी बोलीत नावे सांगते, मुलगा मराठीत लिहून घेतो आणि तिथेच गफलत होते. आजोबा नोंदीत नुसते 'भिल', बाप 'सोनवणे', दाखल्यावर तिसरेच काही. सरदार सरोवराच्या बुडितातून तळोदा-शहाद्याकडे पुनर्वसित झालेल्या कुटुंबांत आणखी एक गाठ: आजोबांची नोंद पाण्याखाली गेलेल्या गावाची, नातवाचा रहिवासी दाखला वसाहतीचा. हे सगळे एका प्रतिज्ञापत्रात नीट बांधून देणारा लिपिक तालुक्यात नावाने ओळखला जातो, आणि दुसऱ्या महाविद्यालयांतली मुलेही त्याच्याच टेबलाशी येतात.

दुसरा कागद, खरे तर संगणकाचा पडदा, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलचा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज त्यावर भरले जातात. अर्ज विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाकडे आणि तेथून आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे सरकतो. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा नसला किंवा आधारवरचे नाव गुणपत्रिकेशी जुळले नाही की तो 'सेंड बॅक' होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो. ओटीपी बापाच्या मोबाइलवर जातो आणि दिवाळीनंतर बाप गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असतो. फोन लागला तर लागला. म्हणून जाणते लिपिक प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्याचा स्वतःचा क्रमांक आधारला जोडायला पिटाळतात. सायबर कॅफेत हीच कामे पैसे घेऊन होतात आणि चुकाही पैसे देऊनच दुरुस्त कराव्या लागतात.

राहण्याची व्यवस्था आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत असते. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये त्यांवर देखरेख ठेवतात. जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून भोजन-निवासाची रक्कम थेट खात्यात जमा होते. 2018 मध्ये वसतिगृहांतील खाणावळीऐवजीही रोख रक्कम देण्याचे ठरले, तेव्हा त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता: पैसे उशिरा आले तर भूक थांबत नाही. अशा काळात गृहपालाची ओळख किराणा दुकानदाराकडे किती चालते, यावर महिना निघतो.

गृहपालाचे आणखी एक काम कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. बरीच मुले आश्रमशाळेतून येतात. तिथे उठण्याची घंटा, जेवणाची घंटा, अभ्यासाची घंटा. महाविद्यालयात कोणी हाक मारत नाही. तास बुडाला तरी कोणी विचारत नाही. पहिल्या सत्रात ए.टी.के.टी. लागते, म्हणजे विषय राहतात, ते या शांततेमुळेही. काही गृहपाल पहिले सहा महिने मुद्दाम रात्रीची हजेरी घेतात. मुलांना ती जाच वाटते आणि पुढे तीच मुले धाकट्यांची हजेरी घेताना दिसतात.

भाषेची पायरी उंच आहे. घरी पावरी, भिलोरी किंवा मावची, बाजारात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि विज्ञान-वाणिज्याच्या पदवीला इंग्रजी. सातपुड्यात नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांनी बोलीला वर्गात जागा दिली. पदवीच्या वर्गात ती जागा उरत नाही. फाटकावरच्या शिपायाने 'काय करी ऱ्हायना रे?' एवढे विचारले तरी पोरगा मोकळा होतो आणि मग कळते, की परीक्षेचा अर्ज भरायचाच राहिला आहे. प्राध्यापकांपैकी 'पालक-शिक्षक' नेमण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्षाअखेर जातात आणि विद्यार्थ्याला पुढच्या जूनमध्ये नवा पालक मिळतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की मेंटॉरचे, म्हणजे याच पालक-शिक्षकांचे, रजिस्टर आठवडाभरात भरते, हेही नमूद करायला हवे.

नियमांच्या पातळीवर विद्यापीठांत आरक्षणविषयक विशेष कक्ष असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. या तरतुदी कागदावरच राहतात का, हा प्रश्न खानदेशाने फार जवळून पाहिला. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी मे 2019 मध्ये आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप कुटुंबाने केला. त्यांच्या आई आबेदा तडवी त्याच वर्षी उच्च शिक्षणसंस्थांतील भेदभावाचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तालुक्याच्या महाविद्यालयात मात्र तक्रार अजूनही कक्षाकडे क्वचितच जाते. ती आधी ओळखीच्या ताईकडे जाते, आणि पुढे सरकते की तिथेच विरते हे त्या ताईच्या धिटाईवर ठरते.

विद्यापीठाच्या वेळापत्रकात नसलेले एक वेळापत्रक साहाय्यकाला पाठ असावे लागते. फाल्गुनात होळीआधीचे भोंगऱ्या बाजार भरतात, मग काठी या गावची आणि इतर गावोगावच्या होळ्या. ज्याने नवस घेतला तो बावा-बुध्या होतो: अंगावर नक्षी, कमरेला भोपळे आणि घुंगरू, आणि काही दिवसांचे कडक व्रत. ते अर्धवट सोडून येता येत नाही. प्रात्यक्षिके आणि अंतर्गत चाचण्या नेमक्या याच सुमारास येतात. जुने कर्मचारी विभागप्रमुखांशी बोलून त्या मुलांची तुकडी शेवटी लावून घेतात. नव्यांना 'होळीला गेला' ही सबब वाटते. मग एखादा मुलगा रात्रभराच्या प्रवासाने थेट प्रयोगशाळेत येतो. मानेवरची पांढरी नक्षी पुरती निघालेली नसते. सहायक त्याला नळ दाखवतो, हजेरीपत्रकावर सही घेतो आणि परीक्षानळ्यांचा स्टँड पुढे सरकवतो.