जुन्या मिलिटरी रायफलींच्या मॅचेस: सुरुवात कुठून झाली आणि आपल्याकडे का नाहीत

कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा .३०३, म्हणजे इंग्रजांच्या फौजेची जुनी ली-एनफिल्ड रायफल, पहिल्यांदा हातात आली, जवळजवळ चार किलोचं धूड, बटाला पितळेची पट्टी आणि त्या पट्टीतलं छोटं झाकण उघडलं की आत तेलाची बाटली आणि फुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी. चिंधी लावून नळीतून ओढायची, काळी निघाली की परत ओढायची, पांढरी निघेपर्यंत उस्ताद सोडायचे नाहीत. हीच रायफल घेऊन बाहेरच्या देशांत साधी नोकरदार माणसं रविवारी मॅच खेळतात हे कळलं तेव्हा खरंच हेवा वाटला, म्हणून ही सगळी पार्श्वभूमी लिहितोय.

सुरुवात इंग्लंडात, १८५९ ला. फ्रान्स हल्ला करेल अशी भीती होती, म्हणून गावोगावी स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांना नेमबाजी यावी म्हणून तिथली नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. १८६० ला विम्बल्डनला पहिली मोठी स्पर्धा भरली, स्टँडवर बसवलेल्या रायफलीची दोरी ओढून ४०० यार्डांवर पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीने झाडली. १८९० ला हे सगळं बिस्लीला हललं, ते आजही तिथेच आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तिथल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीने इंग्रजांची झोप उडवली आणि मग तर छोट्या रायफल क्लबांचं पेवच फुटलं. अमेरिकेत १९०३ पासून सरकारनेच नागरिकांसाठी नॅशनल मॅचेस चालू केल्या. म्हणजे त्या काळी या रायफली 'व्हिंटेज' वगैरे नव्हत्या, लष्कराकडे जी असेल तीच नागरिकांच्या हातात. लष्कर पुढच्या रायफलीवर गेलं आणि जुनी क्लबांमध्ये राहिली, त्यातूनच हल्लीच्या मॅचेस आल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन फौजेच्या गॅरंड रायफलीची मॅच तिथे १९९८ पासून आहे, २०० यार्ड, दुर्बीण चालत नाही, रायफल जशी फौजेला दिली होती तशीच हवी. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टिंग करून उडते, तो आवाज ऐकायला लोक लांबून येतात.

आता आपल्याकडचं बघा, नेमकं उलटं. १८७८ चा आर्म्स अॅक्ट आला, हिंदी माणसाला लायसन्स आणि युरोपियनांना सूट. मुंबईत जीआयपी आणि बीबीसीआय (आजची मध्य आणि पश्चिम) रेल्वेच्या स्वयंसेवक पलटणी होत्या पण त्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या, आम्हालाही घ्या म्हणून काँग्रेसने किती ठराव केले, पण उपयोग झाला नाही. फौजेची गोळी लोकांच्या बंदुकीत बसू नये हे धोरण इतकं मुरलं की आजही ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल ली-एनफिल्डचीच बहीण असून काडतूस मात्र वेगळं, .३०३ साध्या लायसन्सवर मिळत नाही. मला वाटतं खरी अडचण इथेच आहे, आपल्या माणसाला नेमबाजीची आवड नाही असं अजिबात नाही.

कारण स्वातंत्र्यानंतर १९५१ ला आपली नॅशनल रायफल असोसिएशन काढली ती दादासाहेब मावळंकरांनी, लोकसभेचे पहिले सभापती, आपला मराठी माणूस, मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाने. नेमबाज अंजली भागवत मुंबईतल्या कॉलेजच्या एनसीसीतूनच पुढे आली आणि २००० ला सिडनी ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत पोचली. पण हा खेळ मुख्यतः एअर रायफल आणि छोट्या गोळीच्या .२२ चा, .३०३ मात्र पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २६/११ च्या रात्री सीएसटीला रेल्वे पोलिसांच्या हातात हीच जुनी .३०३ होती ते सगळ्यांना माहीतेय. पोलिसांकडून ती गेली हे बरंच झालं, त्यांना नवीन हत्यार मिळायलाच हवं होतं. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० ला तिला परेडमध्ये निरोप दिला.

पण निघालेल्या रायफलींमधल्या थोड्या तरी राज्याच्या असोसिएशनला कुलूपबंद ठेवायला द्याव्यात, गोळ्या मोजून द्या, मोजून परत घ्या, वर्षातून एकदा १०० यार्डांची एक मॅच भरवा. जुने एनसीसीवाले विरार-कल्याणवरून पहिली लोकल पकडून येतील, मी तर येणारच.