आयरन्सी की मुर्तला? नायजेरियाचे दोन जनरल आणि एकच २९ जुलै

नायजेरियाचा तो जनरल, जेमतेम सहा महिने राष्ट्रप्रमुख होता आणि मग गोळ्या घालून मारला, असं कोणी म्हणालं की आधी विचारा, कुठला? असे दोघं आहेत. आग्वियी-आयरन्सी १९६६ मधला, १९४ दिवस. मुर्तला मोहम्मद १९७५-७६ मधला, १९९ दिवस. त्यात २९ जुलै दोघांच्याही गोष्टीत आहे, १९६६ ला त्या तारखेला पहिला गेला आणि १९७५ ला त्याच तारखेला दुसरा आला, मग घोळ होणारच.

आयरन्सी इग्बो, म्हणजे आग्नेय नायजेरियातल्या मोठ्या जमातीचा, आणि लष्करप्रमुख. जानेवारी १९६६ मध्ये काही मेजरांनी बंड करून पंतप्रधान बालेवांना मारलं, आयरन्सीने ते मोडलं आणि सत्ता त्याच्याच हातात आली. म्हणजे बंड त्याचं नव्हतंच, पण बंडवाले बहुतेक इग्बो, मारलेले बडे नेते बरेचसे उत्तरेचे, आणि आयरन्सी बंडवाल्यांवर खटला काही चालवेना, मग उत्तरेकडचे सैनिक संशय घेणारच ना. वर मे महिन्यात डिक्री ३४ (लष्करी सरकारचा हुकूम) काढून फेडरल रचनाच गुंडाळली, इथे त्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला असं माझं मत. २९ जुलैला इबादानला गव्हर्नर फजुयींकडे मुक्कामी असताना सैनिकांनी घर वेढलं आणि पाहुणा-यजमान दोघांनाही नेऊन ठार केलं. तो उठाव यशस्वी झाला, जनरल गोवॉन सत्तेवर आला, आणि वर्षभरात बियाफ्राचं, म्हणजे इग्बोंच्या फुटून निघालेल्या प्रदेशाशी यादवी युद्ध पेटलं.

त्या उठावाच्या म्होरक्यांत कोण होता माहितीये? मुर्तला मोहम्मद!

हा उत्तरेतल्या कानोचा. १९७५ ला गोवॉन युगांडात कंपालाला परिषदेत बसलेला असताना इकडे रक्त न सांडता सत्ता गेली, मुर्तला आला आणि सपाटाच लावला, दहा हजारांवर सरकारी नोकर घरी, सात नवी राज्यं, राजधानी अबुजाला न्यायचा निर्णय. १३ फेब्रुवारी १९७६ ला सकाळी त्याची काळी मर्सिडीज लागोसच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, सोबत एस्कॉर्ट नाही, आणि बंडखोर लष्करी अधिकारी डिमकाच्या माणसांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. डिमकाने रेडिओवरून कर्फ्यूही जाहीर केला, तोही चक्क दिवसाचा! हा कट मात्र फसला, डिमकाला गोळ्या घातल्या आणि सत्ता मुर्तलाचा दुय्यम जनरल ओबासांजोकडे गेली.

मुर्तलाचा चेहरा वीस नायराच्या नोटेवर आहे, लागोसच्या विमानतळाला त्याचं नाव आहे, आणि ती मर्सिडीज गोळ्यांच्या भोकांसकट तिथल्या म्युझियममध्ये उभी आहे.