उरलेल्या प्रकाशाचा हिशेब

नाशिकला रामकुंडाजवळ भरून घेतलेल्या गोदावरीच्या पाण्याच्या एकाच बाटलीतून दोन चाचण्या करता येतात. नायट्रेट मोजण्यासाठी पाण्यातून २२० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतात आणि सेंद्रिय द्रव्यांचा वाटा वजा करता यावा म्हणून २७५ नॅनोमीटरवर पुन्हा मोजणी करतात. फॉस्फेटसाठी मात्र मोलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घालून पाण्याला निळा रंग आणतात व ८८० नॅनोमीटरवर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्याच्याही पलीकडे, मोजणी करतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रवाने कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला हे मोजणारे यंत्र, दोन्ही वेळा तोच असला, तरी त्यातला प्रकाश-शोधक या दोन्ही टोकांना सारखाच संवेदनशील असेल असे नाही.

फोटोमल्टिप्लायर नळी हा यातला सर्वांत विलक्षण शोधक. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, नळीतल्या ऋणाग्रावर (ऋण विद्युतभाराच्या पट्टीवर) आदळला की प्रकाशविद्युत परिणामामुळे, ज्याचे स्पष्टीकरण आइन्स्टाइनने १९०५ साली दिले, तिथून एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो पुढच्या डायनोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणाऱ्या पट्टीवर, जोराने आपटून आणखी काही इलेक्ट्रॉन उडवतो, आणि एकाचे चार या हिशेबाने दहा डायनोडांनंतर ही संख्या १०,४८,५७६ वर पोहोचते. अत्यंत मंद प्रकाश टिपण्याची ताकद यातूनच येते. नळीची खिडकी क्वार्ट्झची असावी लागते, कारण साधी काच २२० नॅनोमीटरचा प्रकाश वाटेतच अडवते. विजेचा दाब चालू असताना खोलीतला उजेड आत शिरला, तर नळी कायमची बिघडू शकते.

८८० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम १.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि नेहमीच्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला ती अपुरी पडते. सिलिकॉनच्या फोटोडायोडमध्ये इलेक्ट्रॉनला पदार्थाबाहेर पडावेच लागत नाही, पदार्थाच्या आतच १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जेची दरी ओलांडली की पुरते. म्हणून तो सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत काम करतो. असे शेकडो डायोड एका ओळीत बसवले, की संपूर्ण वर्णपट एकाच वेळी टिपता येतो.

पडद्यावर शोषणाचा आकडा दिसत असला, तरी शोधकाला दिसतो तो द्रवातून पार होऊन उरलेला प्रकाश, आणि माझ्या मते हे ध्यानात न घेता आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. हा आकडा, म्हणजे शोषणांक, १ असेल तर दहावा हिस्सा उरतो, ३ असेल तर केवळ हजारावा. अशा वेळी यंत्रात मूळ प्रकाशाच्या ०.१ टक्का इतकाच भटका, म्हणजे नमुन्यातून नीट न जाता शोधकापर्यंत पोहोचलेला, प्रकाश असला, तरी खरा ३ हा आकडा २.७ दिसतो, आणि शोधक कितीही चांगला असला तरी त्याला हा भटका प्रकाश वेगळा ओळखता येत नाही. म्हणूनच नाशिकच्या दाट लाल वाइनचा रंग ४२०, ५२० आणि ६२० नॅनोमीटरवर मोजताना ती १ सेंटिमीटरऐवजी १ मिलिमीटर रुंदीच्या क्युवेटमध्ये (नमुना ठेवण्याच्या पारदर्शक भांड्यात) भरतात आणि आलेला आकडा दहाने गुणतात.