चर्चवृद्धी

चर्चवृद्धी : ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समूहात, नवी माणसे आणणे, ती तेथे रुजवणे आणि त्यांच्यामार्फत आणखी मंडळ्या उभ्या करणे यांसाठी जाणीवपूर्वक केलेल्या प्रयत्नांना चर्चवृद्धी असे म्हणतात. सुवार्ताप्रसार, म्हणजे येशूच्या संदेशाचा प्रसार, ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे; मंडळी कशाने वाढते आणि कशाने खुंटते याचा पद्धतशीर अभ्यास मात्र विसाव्या शतकातला आहे.

या अभ्यासाचा पाया डोनाल्ड मॅकगॅव्हरन (१८९७–१९९०) यांनी घातला. त्यांचा जन्म तत्कालीन मध्य प्रांतातील दमोह येथे मिशनरी कुटुंबात झाला आणि पुढे ते स्वतःही भारतात मिशनरी म्हणून राहिले. शाळा व दवाखाने चालवूनही काही मिशनांच्या मंडळ्या वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात आणि अन्यत्र मात्र नात्यागोत्यातून एकेक समूहच बाप्तिस्मा घेतो, हे पाहून त्यांनी या फरकाची कारणे शोधायला सुरुवात केली. श्रद्धा ओळखीच्या आणि आप्तांच्या जाळ्यातून पसरते, हा त्यांचा निष्कर्ष १९५५ मधील ग्रंथात आला. १९६५ मध्ये ते कॅलिफोर्नियातील फुलर धर्मशास्त्र विद्यालयाच्या मिशनविषयक विभागाचे पहिले प्रमुख झाले. वंश, भाषा किंवा वर्ग यांच्या भिंती ओलांडाव्या न लागता ख्रिस्ती होणे माणसांना आवडते, हे त्यांचे ‘एकजिनसी गटाचे तत्त्व’ सर्वांत वादग्रस्त ठरले. निरीक्षण म्हणून ते नाकारणे अवघड आहे. पण त्यालाच धोरण केले, तर समाजातील भेद मंडळीतही कायम होतात, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त म्हणावा लागेल.

अमेरिकेत या विचाराच्या बरोबरीने ‘शोधकाभिमुख’, म्हणजे चर्चला न जाणाऱ्या पण श्रद्धेचा शोध घेणाऱ्या माणसांना समोर ठेवून आखलेल्या, उपासनेची पद्धत रूढ झाली. १९७५ मध्ये शिकागोजवळ स्थापन झालेल्या विलो क्रीक मंडळीच्या संस्थापकांनी घरोघर जाऊन, लोक चर्चला का येत नाहीत, हे विचारले. सतत पैसे मागितले जातात, प्रवचन कंटाळवाणे असते, त्याचा रोजच्या जगण्याशी संबंध नसतो, अशा धर्तीची उत्तरे मिळाली आणि त्यानुसार उपासनेची रचना बदलली गेली. समकालीन संगीत, छोटी नाट्ये, सोपी भाषा आणि पाहुण्यांनी अर्पण देण्याची गरज नाही ही स्पष्ट सूचना, हे या पद्धतीचे विशेष आहेत. दाराशी स्वागत करणारे स्वयंसेवक, वाहनतळावरील मार्गदर्शन, मुलांसाठी स्वच्छ व सुरक्षित जागा या वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींकडे अशा मंडळ्या फार बारकाईने पाहतात, कारण पहिल्यांदा येणारा माणूस परत यायचे की नाही हे पुष्कळदा प्रवचन सुरू होण्यापूर्वीच ठरवतो.

मोठ्या सभागृहाहून वेगळी वाट लहान गटांची आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीने सुमारे बारा जणांचे साप्ताहिक वर्ग चालवले होते. दक्षिण कोरियात सोल येथे १९५८ मध्ये सुरू झालेल्या योइदो पूर्ण सुवार्ता चर्चने तीच कल्पना घरोघरच्या गटांत उतरवली, त्यांचे नेतृत्व मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे सोपवले आणि सभासदांची संख्या लाखांत नेली. लंडनमधील एका अँग्लिकन मंडळीत १९७७ मध्ये सुरू झालेला, ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणारा अल्फा वर्ग मुळात नव्या विश्वासणाऱ्यांसाठी होता. १९९० नंतर तेथील धर्मगुरू निकी गंबेल यांनी तो चर्चबाहेरच्या माणसांसाठी घडवला. आधी एकत्र जेवण, मग व्याख्यान, शेवटी छोट्या गटात चर्चा असा त्याचा क्रम असतो. गटप्रमुखाने शंकांना तयार उत्तरे देत बसण्यापेक्षा ऐकून घ्यावे, अशी अपेक्षा असते आणि या वर्गाचे बळ बहुधा तेथेच आहे.

वाढ मोजणे हे वाढ घडवण्याइतकेच अवघड आहे. सभासदांच्या घरी जन्मलेली मुले, दुसऱ्या मंडळीतून आलेले लोक आणि नव्याने श्रद्धा स्वीकारलेले लोक असे तीन प्रवाह मॅकगॅव्हरन यांनी वेगळे केले होते. यांतील दुसरा प्रवाह मोठा असेल, तर एका चर्चची भरभराट ही शेजारच्या चर्चची घट असते आणि एकूण ख्रिस्ती समाज आहे तेवढाच राहतो. शिवाय उपस्थिती म्हणजे श्रद्धेची खोली नव्हे. विलो क्रीकनेच २००७ मध्ये आपल्या सभासदांची पाहणी प्रसिद्ध करून, उपक्रमांतील सहभाग वाढला म्हणून आध्यात्मिक प्रगती होतेच असे नाही, हे मान्य केले.